मेरी ॲनिंग : कड्याखालची विदुषी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रेजिस हे छोटेसे गाव आहे. तेथील कडे चुनखडी व चिकणमातीच्या थरांचे. हिवाळी वादळात दरड कोसळते आणि सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे जीवाश्म उघडे पडतात. याच गावी २१ मे १७९९ रोजी मेरी ॲनिंगचा जन्म झाला.

वडील सुतार. जोडीला जीवाश्म वेचून ते प्रवाशांना विकत. १८१० मध्ये ते वारले. मागे कर्ज तेवढे राहिले. पोटासाठी मुलांनी तोच उद्योग चालविला. १८११ मध्ये भाऊ जोसेफ याला सुमारे ४ फूट लांबीची कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती! लोकांना ती मगर वाटली. पण तो होता माशासारख्या देहाचा सागरी सरपटणारा प्राणी, इक्थिओसॉर. सांगाडा सुमारे २३ पौंडांना विकला गेला.

मेरीचे शिक्षण चर्चच्या रविवारच्या शाळेपुरतेच. तरीही ती शास्त्रीय निबंध आकृत्यांसह हाताने उतरवून घेई, मासे कापून शरीररचना अभ्यासी. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. त्याची लांबलचक मान पाहून फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी शंका घेतली. पुढे त्यांना ती सोडावी लागली. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत कॉनिबेअर यांनी या प्राण्यावर निबंध वाचला. त्यात मेरीचे नाव नव्हते. सोसायटीत स्त्रियांना सभासदत्वच नव्हते.

हे काम जिवावरचे होते. १८३३ मध्ये दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे गाडला गेला. ती थोडक्यात बचावली. ९ मार्च १८४७ रोजी कर्करोगाने तिचे निधन झाले.

आज त्या किनाऱ्यावर पुन्हा गेले, तर काय दिसते? तिच्या जन्मघराच्या जागी संग्रहालय आहे. २००१ मध्ये हा किनारा जागतिक वारसा ठरला आणि २०२२ मध्ये तेथे तिचा पुतळा उभा राहिला. दरडी मात्र अजूनही कोसळतात, जीवाश्म अजूनही निघतात.

ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी प्रथमच चढली गेली, अशा आमच्यासारख्यांना मेरी जवळची वाटते. सुताराच्या मुलीने खडकातून ज्ञान काढले, पण ते मांडण्याचे व्यासपीठ तिला मिळाले नाही. आपल्याला ते मिळाले आहे. तेथे उभे राहताना, खाली दरडीत हातोडी चालविणाऱ्यांची नावे घ्यायला आपण विसरता कामा नये.