जॉन हंटर : दातांची वाढ गर्भापासून पाहणारा शल्यचिकित्सक

बाळाच्या हिरडीतून पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास डोकावतो. तो तेव्हाच तयार झाला असं बहुतेक पालकांना वाटतं. खरं तर त्या दाताची सुरुवात आईच्या पोटातच, गर्भ अवघा सहा-सात आठवड्यांचा असताना झालेली असते. जन्माच्या वेळी दुधाच्या वीसही दातांचे अंकुर जबड्यात ओळीने बसलेले असतात आणि कायमच्या पहिल्या दाढेचं काम सुरू होत असतं. आज आम्ही डॉक्टर हे सहज सांगतो. पण अडीचशे वर्षांपूर्वी, एक्स-रे नसताना, एका स्कॉटिश माणसाने जबडे उघडून हा क्रम नीट पाहिला आणि चित्रांसह छापला. त्याचं नाव जॉन हंटर. त्याने दातांबद्दल जे बरोबर सांगितलं आणि जे चुकीचं सांगितलं, ते दोन्ही आजच्या पालकांच्या उपयोगाचं आहे.

शाळेचा कंटाळा असलेला मुलगा

हंटर यांचा जन्म फेब्रुवारी १७२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइड गावाजवळच्या एका शेतकरी घरात झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. पुस्तकात त्यांचं मन रमत नसे, रानात पक्षी आणि किडे बघत फिरायला आवडे. तेरा-चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मोठा भाऊ विल्यम मात्र डॉक्टर होऊन लंडनमध्ये शरीररचनेचे वर्ग घेऊ लागला होता. १७४८ मध्ये विसाव्या वर्षी जॉन त्याच्याकडे मदतनीस म्हणून गेले आणि पुढची बारा वर्षं मुख्यतः शवविच्छेदन करत राहिले.

या वर्गांसाठी लागणारी प्रेतं कुठून येत, हे लपवण्यात अर्थ नाही. बरीचशी रात्री कबरी उकरून आणलेली असत. ज्यांची होती त्या कुटुंबांची परवानगी कोणी घेत नसे. त्या काळच्या लंडनमध्ये लहान मुलं फार मोठ्या संख्येने दगावत, त्यामुळे गर्भापासून मोठ्या माणसापर्यंत प्रत्येक वयाचे जबडे हंटर यांना पाहायला मिळाले. दातांच्या वाढीचं आपलं ज्ञान असं जमा झालेलं आहे.

१७६० मध्ये ते सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून भरती झाले. फ्रान्सजवळच्या बेल-ईल बेटावरच्या मोहिमेत आणि नंतर पोर्तुगालमध्ये काम करून १७६३ मध्ये परतले, तेव्हा हाताशी नोकरी नव्हती. मग त्यांनी जेम्स स्पेन्स नावाच्या लंडनमधल्या नामांकित दंतवैद्याबरोबर काम सुरू केलं. शिकलेल्या सर्जनने दातांच्या कामात पडणं तेव्हा कमीपणाचं मानत. पण दुखरे दात असलेली जिवंत माणसं रोज समोर येऊ लागल्यामुळे मेजावर पाहिलेल्या रचनेचा अर्थ त्यांना लागत गेला.

१७७१ चं पुस्तक

माणसाच्या दातांची रचना, उपयोग आणि वाढ यांवरचं त्यांचं पुस्तक १७७१ मध्ये निघालं. त्याच वर्षी त्यांचं अ‍ॅन होम यांच्याशी लग्न झालं. दातांच्या रोगांवरचा दुसरा ग्रंथ १७७८ मध्ये आला. पुढचे दात कापण्यासाठी, सुळे पकडून फाडण्यासाठी, दोन टोकांच्या उपदाढा आणि मागच्या दाढा चिरडण्यासाठी व दळण्यासाठी, अशी दातांची जी विभागणी आज दंतवैद्य वापरतात, तिची इंग्रजीतली नावं रूढ व्हायला हंटर यांच्या पुस्तकाचा मोठा हात आहे. चावताना जबड्याचा सांधा नुसता बिजागरीसारखा उघडत-मिटत नाही, पुढेही सरकतो, हेही त्यांनी वर्णन केलं. (कानापुढे बोट ठेवून तोंड उघडून पाहा, सरकलेलं जाणवेल.)

पण मला त्यांचं सर्वांत मोठं निरीक्षण वाटतं ते जबड्याच्या वाढीचं. लहान मुलाचा जबडा फुग्यासारखा सगळीकडून सारखा मोठा होत असेल, असं आपल्याला वाटतं. हंटर यांनी वेगवेगळ्या वयाचे जबडे शेजारी शेजारी ठेवले. ज्या कमानीत दुधाचे दात बसतात, तिची लांबी नंतर फारशी वाढत नाही आणि जबडा मुख्यतः मागच्या बाजूला वाढतो, असं त्यांना दिसलं. त्या मागे तयार झालेल्या जागेतच कायमच्या दाढा येतात.

आपल्या घरात याचा अर्थ काय? सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या तोंडात दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येण्यासाठी कुठलाही दात पडत नाही. त्यामुळे पालकांच्या लक्षातच येत नाही, आणि कीड लागली तरी ‘दुधाचीच आहे, पडून जाईल’ म्हणून सोडून दिली जाते. ती दाढ कायमची असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. माझ्याकडे नऊ-दहा वर्षांची मुलं येतात, त्यांतल्या काहींची ही दाढ अर्धी किडलेली असते आणि ती कायमची आहे हे आईवडिलांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. मूल सहा-सात वर्षांचं झालं की एकदा आरशासमोर उभं करून दोन्ही बाजूंच्या दाढा मोजा. दुधाच्या दाढा प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, दोन-दोनच असतात. तिसरी दिसली तर ती कायमची. तिच्या खाचा बुजवणारं सीलंट वेळेत लावता येतं.

दुसरी गोष्ट दुधाच्या दाढांची. पुढची कमान फारशी लांबत नसल्यामुळे तिथली जागा मोजकीच असते. दुधाची दाढ कीड लागून लवकर काढावी लागली, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची वाट अडते. मग ती वेडीवाकडी येते किंवा हाडातच अडकते. म्हणून दुधाच्या दाढेला रूट कॅनलसारखे उपचार सुचवले किंवा दाढ काढल्यावर जागा धरून ठेवणारी तार बसवायला सांगितली, तर डॉक्टर उगाच खर्चात पाडतायत असं समजू नका.

पुढचा क्रम सर्वांना माहीत असतो. बारा-तेरा वर्षांपर्यंत अठ्ठावीस दात, आणि साधारण सतरा ते पंचवीस या वयात अक्कलदाढा. मागे जागा कमी पडली तर त्या अडकतात. काहींना अक्कलदाढा येतच नाहीत आणि त्यात काळजीचं काही नसतं.

मंजिष्ठा खाल्लेली डुकरं

आपल्याकडच्या मंजिष्ठेची एक युरोपी बहीण आहे, तिच्या मुळांपासून लाल रंग काढत. ही मुळं जनावराला खाऊ घातली की तेव्हा तयार होत असलेलं हाड लाल होतं, हे हंटर यांच्या आधीच माहीत झालं होतं. हंटर यांनी हा प्रयोग डुकरांवर करून दात तपासले. मुळं खाऊ घातली त्या काळात दाताचा जो भाग बनला, तेवढाच लाल झाला. खाणं बंद केल्यावर हाडाचा रंग हळूहळू उतरला, पण दातातला लाल थर तसाच राहिला. म्हणजे हाड सतत मोडत-घडत असतं, तर दात थरावर थर चढून बनतो आणि एकदा बनलेला थर बदलत नाही.

यातून आपल्या घरांतल्या एका समजुतीचं उत्तर मिळतं. गरोदरपणात बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, असं आजही सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या आहारातून आणि कमी पडलं तर हाडांतून जातं. दातांतून परत काढून घेण्याची शरीराकडे सोयच नाही. गरोदरपणी दात बिघडतात ते वारंवार होणाऱ्या उलट्यांमधल्या आम्लाने, सारखं थोडंथोडं खाण्याने, आणि हार्मोन्समुळे सुजणाऱ्या हिरड्यांमधून रक्त येतं म्हणून ब्रश टाळल्याने. दुखत असेल तर त्या काळातही दंतवैद्याकडे जाता येतं. गरोदर असल्याचं सांगितलं की पुरे.

दुसरं उदाहरण औषधाचं. टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घडत असलेल्या दातात असंच अडकून बसतं आणि दात पिवळे-करडे होतात. म्हणून ते गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना शक्यतो देत नाहीत. घरात उरलेल्या गोळ्या मुलांना देऊ नयेत, याचं हेही एक कारण.

जिथे हंटर चुकले

तेव्हाच्या लंडनमध्ये मृत्यूंच्या नोंदीत ‘दात’ हे मृत्यूचं एक कारण म्हणून लिहिलं जाई. सहा महिने ते दोन वर्षं हे दात येण्याचं वय आणि जुलाब, ताप, झटके यांनी मुलं जाण्याचंही वय. म्हणून दोष दातावर आला. हंटर यांचंही तेच मत होतं. बाळाची हिरडी चिरून दाताला वाट करून द्यावी असं ते सांगत, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा, अगदी दहा वेळाही, त्यांनी हे केलं होतं. अस्वच्छ हत्याराने तान्ह्या मुलाची हिरडी कापल्याने काय झालं असेल, याची कल्पना आज करवत नाही.

आता कोणी हिरडी चिरत नाही, पण समजूत तशीच आहे. दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, मूल चिडचिड करतं, अंग किंचित कोमट लागू शकतं. १०० अंशांच्या वर ताप, पातळ जुलाब, झटका, दूध तोडणं या गोष्टी दातामुळे होत नाहीत. ‘दात येतायत’ म्हणून दोन दिवस थांबलं तर जुलाबाने पाणी कमी झालेलं मूल गंभीर होऊ शकतं. ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरी चूक अधिक क्लेशकारक आहे. हंटर यांनी माणसाचा नुकता काढलेला दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला आणि तो तिथे जोडला गेला असं त्यांना दिसलं. त्यावरून एका माणसाचा ताजा दात दुसऱ्याच्या हिरडीत बसवावा, असा सल्ला त्यांनी दिला. पहिल्याचा दात मापाचा निघाला नाही तर दुसऱ्याचा घेता यावा, म्हणून दात देणारी अनेक माणसं जवळ तयार ठेवावीत, असंही लिहिलं. ही माणसं अर्थातच गरीब होती, बरीचशी तरुण किंवा अजून लहान. थोड्या पैशांसाठी त्यांचे निरोगी पुढचे दात भूल न देता उपटले जात. १७८७ मध्ये टॉमस रोलंडसन या चित्रकाराने या प्रकारावर जळजळीत व्यंगचित्र काढलं. बसवलेले दात फार तर काही वर्षं टिकत. काही रुग्णांना त्यानंतर तोंडात व्रण आणि अंगावर चट्टे आले, तेव्हा हा दातातून आलेला गुप्तरोग असल्याची शंका डॉक्टरांनी घेतली. हंटर यांनी ती नाकारली. पुढे ही पद्धत बंद पडली. दुसऱ्याचा दात शरीर स्वीकारत नाही हे आता आपल्याला ठाऊक आहे. स्वतःचीच अक्कलदाढ स्वतःच्याच गेलेल्या दाढेच्या जागी लावता येते, तीही निवडक रुग्णांत.

किडलेला दात काढून, उकळून पुन्हा जागेवर बसवावा, असंही ते एके ठिकाणी सुचवतात. हे मात्र नक्की लक्षात ठेवा, कारण खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निघण्याचे प्रसंग येतात. मुळावर चिकटलेल्या पेशी जिवंत असतील तरच दात पुन्हा धरतो. म्हणून उकळू नका, घासू नका, कागदात गुंडाळू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर हलकेच धुवा, जमलं तर लगेच त्याच जागी बसवा. नाही जमलं तर थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात निघाला असेल तर तो परत बसवायचा नसतो. त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

शेवट आणि संग्रह

१७६८ पासून हंटर लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शल्यचिकित्सक होते आणि पुढे राजा तिसऱ्या जॉर्जच्याही सेवेत नेमले गेले. देवीची लस काढणारे एडवर्ड जेन्नर त्यांचे शिष्य आणि जवळचे मित्र. हंटर यांना अनेक वर्षं छातीत कळ येई, रागावले की हमखास. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्याच बैठकीत वाद झाला, ते संतापून शेजारच्या खोलीत गेले आणि कोसळले. हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या आढळल्या. जेन्नर यांना ही शंका आधीपासून होती.

त्यांनी जमवलेले चौदा हजारांच्या आसपास नमुने ब्रिटिश सरकारने १७९९ मध्ये पंधरा हजार पौंडांना विकत घेतले. टिपणवह्या मात्र त्यांचा मेहुणा एव्हरार्ड होम याने १८२३ मध्ये जाळून टाकल्या. संग्रहाचा मोठा भाग १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गेला. उरलेले नमुने लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आहेत. तुऱ्यात माणसाचा दात रोवलेलं ते कोंबड्याचं डोकंही त्यांत आहे. तो दात कोणाच्या तोंडातला होता, याची नोंद नाही.