सुगंधाची ॲलर्जी पकडणारी ‘पॅच टेस्ट’ आली कुठून? पाऱ्याच्या मलमातून!

नवीन क्रीम किंवा सीरम घेतलं की आधी पॅच टेस्ट करा, हे आता जवळपास प्रत्येक स्किनकेअर रीलमध्ये ऐकू येतं. या टेस्टचा पाया घालणारा डॉक्टर मात्र त्यात कुठेच नसतो. त्यांचं नाव योझेफ याडासोन.

1863 साली लिग्नित्स या गावात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. डॉक्टर झाल्यावर ते ब्रेस्लाऊ शहरात अल्बर्ट नायसर यांचे सहाय्यक झाले. नायसर म्हणजे गोनोरियाचा जिवाणू शोधून काढणारे.

त्या काळी त्वचारोग आणि गुप्तरोग एकाच डॉक्टरकडे यायचे आणि पारा हे तिथलं नेहमीचं औषध होतं. (पारा विषारी असतो, पण तो विषय वेगळा.) बहुतेकांच्या त्वचेला पाऱ्याचं मलम सोसायचं. काहींच्या अंगावर मात्र खाजरं पुरळ उठायचं. मग दोष मलमाचा, की आजाराचा, की आणखी कशाचा?

याडासोन यांनी अगदी साधी गोष्ट केली. अशा रुग्णाच्या दंडावर पाऱ्याची छोटी पट्टी चिकटवली आणि वाट पाहिली. पट्टीखालची त्वचा लाल झाली, खाजू लागली. जे मलम इतरांना चालत होतं, ते या एका माणसाच्या त्वचेला चालत नव्हतं. आता ते डोळ्यांनी दिसत होतं. 1895 मध्ये ग्राझ इथल्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं.

पुढच्याच वर्षी ते स्वित्झर्लंडमधल्या बर्नला त्वचारोग विभागाचे प्रमुख झाले. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या ब्रुनो ब्लोख यांनी ही चाचणी पुढे वाढवली. 1917 मध्ये याडासोन ब्रेस्लाऊला परतले. त्वचारोगांवरच्या एका अवाढव्य, अनेक खंडांच्या ग्रंथाचं संपादनही त्यांनी केलं. 1933 मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. 1936 मध्ये याडासोन यांचं निधन झालं ते झुरिचमध्ये.

सुगंधाची ॲलर्जी आजही त्यांच्याच पद्धतीने पकडतात. सुगंधाचे बारीक रेणू त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. काहींच्या शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू समजते आणि पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी पुरळ येतं. त्यामुळेच दोष कशाचा, हे पटकन कळत नाही. वर्षभर वापरलेलं क्रीम अचानक का टोचायला लागलं, याचंही एक कारण हेच असू शकतं.

दवाखान्यात पाठीवर अनेक पट्ट्या 48 तास चिकटवतात. त्या काढल्यावर एकदा आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा तपासतात. सुगंधासाठीच्या एका प्रचलित मिश्रणात आठ घटक असतात. त्यात लवंगेतलं युजेनॉल आहे, दालचिनीतलं सिनामल आहे आणि आपल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं ओक मॉसही आहे. म्हणजे ‘नॅचरल’ लिहिलं म्हणून सुटका नाही. ‘अनसेंटेड’चंही तसंच, त्यात मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. संवेदनशील त्वचेसाठी ‘फ्रेग्रन्स-फ्री’ शोधावं आणि मागची घटकांची यादीही वाचावी.

घरी तपासायचं तर क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघतात. रीलमधले 24 तास यासाठी पुरत नाहीत. आणि घरच्या टेस्टमधून क्रीम सोसत नाही एवढंच कळतं. त्यातला नेमका कोणता घटक, हे कळायला त्वचारोगतज्ज्ञाकडच्या पट्ट्याच लागतात.