माळढोकाचा कैवारी : डॉ. सलीम अली

वसंतात गवत वाळून पिवळे पडले की नागपूर परिसरातील पक्षिनिरीक्षक माळढोक, धाविक, पखुर्डी आणि चंडोल यांच्या शोधात उघड्या माळांकडे वळतात. या रुक्ष वाटणाऱ्या भूमीला पक्षिशास्त्रात आणि संरक्षणाच्या विचारात स्थान मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ वेचला, ते म्हणजे डॉ. सलीम अली. भरतपूरची पाणथळ आणि केरळमधील सायलेंट व्हॅली यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. माळरानाशी असलेले त्यांचे नाते मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम यांचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या एका चिमणीची ओळख पटवण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथे मानद सचिव मिलार्ड यांनी त्याच्यापुढे संग्रहातील पक्ष्यांचे कप्पे उघडले आणि एका शिकारी मुलाचा अभ्यासक होण्याचा प्रवास सुरू झाला.

विद्यापीठाची पदवी नसतानाही १९२९ मध्ये त्यांनी बर्लिन गाठले आणि एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. परतल्यावर मात्र नोकरी मिळेना. तेव्हा त्यांनी संस्थानांच्या प्रदेशातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केवळ खर्चापुरत्या पैशांत करण्याची तयारी दर्शवली. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून या कामाला प्रारंभ झाला. मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता. तंबूतल्या या भटक्या संसारात पत्नी तेहमिना यांची साथ होती. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच दशकात नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील ई. ए. डी'अब्रू यांनी सोसायटीच्या नियतकालिकात मध्यप्रांतातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. दख्खन आणि मध्य भारताच्या पक्षिजीवनाचे चित्र अशा नोंदींतून हळूहळू पूर्ण होत होते.

त्या चित्रात काही जागा रिकाम्या राहिल्या. विरळ काटेरी झुडपांत राहणारा जेर्डनचा धाविक १९०० नंतर कोणालाच दिसला नव्हता. सलीम अलींनी त्याचा शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. अखेर जानेवारी १९८६ मध्ये सोसायटीच्याच संशोधकाला आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा गवसला. तेव्हा सलीम अली एकोणनव्वद वर्षांचे होते.

माळढोकाची व्यथा निराळी होती. सुमारे मीटरभर उंचीचा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्यामुळे एकदा घटलेली संख्या सहजी भरून निघत नाही. साठच्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय पक्षी निवडताना सलीम अलींनी माळढोकाचा पुरस्कार केला. मोर सर्वत्र आढळतो, संरक्षणाची गरज दुर्मीळ पक्ष्याला अधिक आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९६३ मध्ये मान मोरालाच मिळाला. त्यांनी पाठपुरावा मात्र सोडला नाही. १९८० मध्ये जयपूरला माळढोकवर्गीय पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि त्यानंतर सोसायटीने या पक्ष्याचा सविस्तर अभ्यास हाती घेतला. सोलापूरजवळील नान्नज आणि मध्य प्रदेशातील करेरा ही त्यातली महत्त्वाची क्षेत्रे होती.

२० जून १९८७ रोजी सलीम अली यांचे निधन झाले. त्यानंतरच्या दशकातच करेरातून माळढोक नाहीसा झाला. सरकारी दप्तरात पडीक ठरलेली गवताळ जमीन शेती, वृक्षलागवड, खाणी आणि उद्योगांकडे जात राहिली. उरलेल्या माळांवर वीजवाहिन्यांचे जाळे पसरले आणि समोरचे फारसे न दिसणारा हा जड पक्षी उडताना तारांवर आदळून मरू लागला. आज देशात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत. नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील वरोरा-भद्रावतीचा पट्टा हा विदर्भातील त्याचा अखेरचा आसरा मानला जातो, तर त्याचा लहान भाऊबंद तणमोर अकोला-वाशीमच्या गवतात विणीसाठी आल्याच्या नोंदी आहेत. माळढोकाला राष्ट्रीय मान मिळाला नाही, याहून त्याचे माळ ओसाड समजून वाटले गेले, ही हानी मोठी आहे. सलीम अलींनी मांडलेला प्रश्न त्या माळांवर अजून अनुत्तरित आहे.