अडलेली वाट आणि केसरबाई

मूल बुद्धिबळाच्या क्लासला जाऊ लागलं की पहिलं वर्षभर भराभर पुढं जातं. घरात दोन-चार कप येतात. आणि मग गाडी अडते. रोज कितीही डाव खेळला तरी त्याच त्या मुलांकडून हार! आईला वाटतं, संपली याची हुशारी. शिकवणारे मात्र सांगतात, आता नवे डाव कमी कर, हरलेले डाव परत मांडून बघ, पाया पक्का कर. हे ऐकलं की मला सूरश्री केसरबाई केरकर आठवतात. त्यांचं क्षेत्र गाण्याचं, पण अडलेली वाट त्यांनी अशीच मोकळी केली.

१३ जुलै १८९२ रोजी गोव्यातल्या केरी गावी त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी त्या आपल्या कोल्हापुरात आल्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकू लागल्या. पण ते शिक्षण जेमतेम आठ महिने चाललं. मग परत गोवा, तिथं रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी मुंबई, तिथं सतारिये बरकतुल्ला खाँ आणि पुढं भास्करबुवा बखले. एकाहून एक थोर गुरू, पण सलग तालीम कुणाचीच नाही. आवाज होता, जिद्द होती, शिक्षण मात्र तुकड्यातुकड्यांचं.

अठ्ठावीस वर्षांचं वय. येत होतं तेवढ्यावरही दिवस निघाले असते. पण १९२१ मध्ये बाईंनी कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला. इतकी वर्षं शिकून झाल्यावर पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं, हे सोपं नसतं बरं का!

गुरूही असे, की अडकणं म्हणजे काय ते त्यांनी स्वतः भोगलेलं. तरुणपणी अतिगाण्यानं खाँसाहेबांचा आवाज गेला होता. बऱ्याच काळानं परतला, पण पहिल्यासारखा नाही. जुन्या आवाजासाठी रडत न बसता, आहे त्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. तेच आजचं जयपूर-अत्रौली घराणं.

केसरबाईंची ही कडक तालीम अकरा वर्षं चालली. खुला आकार, लांब दमसास, लयीत गुंफलेली तान, अवघड राग, सगळं घोटून घोटून. १९३० नंतर मैफलींत त्यांचं नाव गाजू लागलं, तरी शिकणं थांबलं नाही. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोवर त्या शिष्याच राहिल्या. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं.

मला यातून एवढंच उमगतं, की प्रगती थांबली म्हणजे कुवत संपली असं नव्हे. आहे तेच जोरानं करत राहण्यापेक्षा, कच्चं काय राहिलंय ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं आणि तिथून परत सुरुवात करावी. मग ते शिवण असो, पेटी असो की मुलाचं बुद्धिबळ. पोरगं अडलं तर रागावू नका, थोडा वेळ द्या.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या. त्याच्या अकराच दिवस आधी अमेरिकेचं व्हॉयेजर-१ यान आकाशात झेपावलं होतं. जगभरच्या निवडक संगीतासोबत त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. ग्रहांच्या पलीकडं जाऊन ती अजून पुढं चाललीय.