हिंदू कोड बिल आणि परमपूज्य बाबासाहेब



बाबासाहेब म्हटलं की डोळ्यांसमोर चवदार तळं येतं, घटना येते, दीक्षाभूमी येते. हिंदू कोड बिल मात्र जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकलं जातं. आम्ही गिरणीत राबलेली माणसं, कॉलेजची पायरी चढलो नाही. पण जमेल तसं वाचलं, आणि आम्हांला वाटतं, थेट आपल्या घरात शिरणारं बाबासाहेबांचं काम हेच.

भीमराव म्हणजे रामजी सुभेदारांचं चौदावं अपत्य, जन्म १४ एप्रिल १८९१, महू. आई भीमाबाई लवकर गेल्या, आत्या मीराबाईंनी सांभाळलं. पुढं माता रमाईंनी परळच्या चाळीत संसार ओढला, पाचांतली चार लेकरं गमावली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी मांडलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यापायी बाईला सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांत जखडलं गेलं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल उचलून धरलं. गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातल्या कितीजणींना हे ठाऊक असेल?

१९४७ साली ते देशाचे कायदामंत्री झाले. कोड बिलाचा मसुदा बी. एन. राव समितीनं आधीच केला होता, त्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. १९४८ साली बिल निवड समितीतून बाहेर आलं तेव्हा मुलीचा वाटा मुलाएवढा झाला होता. शिवाय एकच बायको, घटस्फोटाची मुभा, विधवेला मिळालेल्या मालमत्तेवर पुरी मालकी आणि आंतरजातीय लग्नाला मान्यता. घटस्फोटाचं आपल्या आज्यांना नवल नव्हतं, काडीमोड आणि पाट आपल्यात होतेच. बाबासाहेबांनीही सभागृहात दाखवून दिलं की बहुसंख्य जातींत हा रिवाज चालत आलेला आहे. खरी पोटदुखी होती ती जमीनजुमल्याची.

सनातनी मंडळी रस्त्यावर उतरली. सभागृहात भाषणं लांबवून वेळ खाल्ला गेला. १९४९, १९५०, १९५१ अशी वर्षं गेली. तब्येत ढासळत होती, तरी बाबासाहेब बिलासाठी मंत्रिमंडळात थांबले. शेवटी निदान लग्न आणि घटस्फोटाचा भाग तरी घेऊ असं ठरलं, तर चार कलमं झाल्यावर तेही सोडून दिलं. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला. कारणं आणखीही होती, पण हे त्यांतलं मोठं. ११ ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायला उभे राहिले तर आधी प्रत दाखवा म्हणाले. ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. ज्यात आपला एका पैचा फायदा नाही अशा कायद्यासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस आम्ही तरी दुसरा पाहिला नाही.

पुढं १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. पण कातरून. बाबासाहेबांच्या बिलात एकत्र कुटुंबातला जन्मानं येणारा हक्कच काढून टाकला होता. नव्या कायद्यात तो राहिला, आणि राहिला तो मुलग्यांपुरता. राहत्या घरात तर भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला वाटणी मागता येत नव्हती. हे दोन्ही बदलायला २००५ साल उजाडलं. मग २०२० साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मापासूनच, २००५ मध्ये वडील हयात नसले तरी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. पण हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत. आणि आपल्या वस्तीत काय चालतं? वडिलांचं पुण्यानुमोदन होतं, पाहुणे जेवून जातात, अन् दुसऱ्या दिवशी बहिणीपुढं हक्कसोडपत्र ठेवलं जातं. माहेर तुटेल या भीतीनं ती सही करते. भाऊ पुष्कळदा चळवळीतला असतो, घरात बाबासाहेबांचा फोटो असतो. सनातन्यांनी निदान उघड विरोध केला होता.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात हे कायदे मराठीतून वाचून दाखवतो. बहिणींनी येताना गावच्या जमिनीचा सातबारा सोबत आणावा, आणि कुठंही सही करण्याआधी यावं.