कुस्तीवीर खाशाबा दादासाहेब जाधव

शमुवेल संदेष्टा तेलाचे शिंग घेऊन बेथलेहेमास इशायाच्या घरी गेला, त्या वेळी थोरला मुलगा अलियाब ह्याची उंची व रूप पाहून राजा व्हावयास हाच योग्य, असे त्यास वाटले. एवढा अनुभवी देवाचा माणूस, पण तोही क्षणभर बाह्य रूपाने फसला. सर्व लोकांत खांद्यापासून वर उंच दिसणारा शौल त्याच्याच हातून राजा झाला होता, आणि त्या उंच पुरुषाचे मन किती ठेंगणे निघाले हेही त्याने पाहिले होते. तरी पुन्हा डोळा उंचीकडेच गेला. शेवटी रानात मेंढरे राखणाऱ्या धाकट्या मुलाला बोलावणे पाठवावे लागले.

माणसाची पारख करण्याची ही रीत अजून गेलेली नाही. बास्केटबॉल हा खेळ आमच्या शाळांतील मुलांना ठाऊक आहे. तो 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने काढला. हा गृहस्थ ईश्वरविद्येचे शिक्षण घेतलेला होता, व ख्रिस्ती तरुणांच्या संघासाठी कार्यकर्ते तयार करणाऱ्या शाळेत तो शिकवीत असे. हिवाळ्यात घराच्या आत खेळता यावे म्हणून त्याने 10 फूट उंचीवर फळांच्या टोपल्या टांगल्या. टोपली उंचावर, म्हणून उंच मुलाला लाभ. आणि म्हणून त्या देशातील कॉलेजे आज उंच मुलांचा शोध गावोगाव करतात, त्यांच्या घरी जाऊन आईबापांची मने वळवितात, शिष्यवृत्ती देतात. ह्यात वाईट काही नाही. परंतु त्या खेळातील जाणते लोकही सांगतात की उंची ही केवळ जन्माची देणगी होय. पाय हलके होणे, हात वळणे, धीर टिकणे ह्या गोष्टी वर्षानुवर्षांच्या शिकवणुकीवाचून येत नाहीत. मग ज्याला उंची मिळाली नाही, पण शिकण्याची तळमळ मिळाली आहे, अशा मुलाचे काय करावे? ह्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका कुस्तीगिराच्या चरित्रात सापडते.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब जाधव हे स्वतः पैलवान होते. त्यांना पाच मुलगे, आणि दाविदाप्रमाणे खाशाबा सर्वांत धाकटा. घर शेतकऱ्याचे. गावाकडे मुलगा चालू लागला की तालमीच्या लाल मातीत लोळू लागतो, तसेच ह्याचे झाले. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यास जोर, बैठका व डाव शिकविण्यास आरंभ केला. त्याची अंगकाठी लहान होती. पण चपळाई अशी की प्रतिपक्ष्याला पकड घ्यावयास सापडू नये. प्रतिपक्ष्याची मान काखेत धरून त्यास उलथून टाकणारा ढाक हा डाव पुढे त्याच्या हाती विशेष बसला.

1940 साली तो कराडच्या टिळक हायस्कुलात गेला, व 1947 पर्यंत तेथे शिकला. ते दिवस स्वातंत्र्याच्या चळवळीचे होते. सातारा जिल्ह्यात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे व त्यांचे निरोप पोहोचविणे अशी कामे ह्या शाळकरी मुलाने केली. मुलगा अभ्यासात मागे नव्हता व तालीमही चुकवीत नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शरीर कमावणारा मुलगा पुस्तकाला पारखा होतो ही आपल्याकडील समजूत सर्वथा खरी नाही.

पुढे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचे माहेरघर. छत्रपती शाहू महाराजांनी ह्या विद्येस राजाश्रय दिला, दूरदूरचे होतकरू मल्ल आणून त्यांच्या खुराकाची व्यवस्था केली, आणि 1912 साली खासबागेचे विस्तीर्ण मैदान बांधून घेतले. महाराज 1922 साली निवर्तले, तरी त्यांनी लावलेली आवड शहरात जिवंत होती. येथे बाबुराव बलवडे व बेलापुरे गुरुजी ह्या वस्तादांच्या हाताखाली खाशाबांची विद्या पक्की झाली.

कॉलेजच्या वार्षिक सामन्यांची वेळ आली तेव्हा खाशाबांनी कुस्तीसाठी आपले नाव द्यावयास नेले. खेळांच्या शिक्षकांनी त्यांच्या किरकोळ देहाकडे पाहिले व नाव घेण्यास नकार दिला. एवढ्याशा मुलाला धिप्पाड गड्यांपुढे उभे करणे म्हणजे त्याला दुखापत करून घेणे, असे त्यांना वाटले असावे. त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. पण चांगल्या हेतूनेही दार बंद करता येते, आणि बंद झालेल्या दारापुढून पुष्कळ मुले मुकाट्याने घरी परत जातात. खाशाबा परत गेले नाहीत. ते थेट प्राचार्य खर्डीकर ह्यांच्याकडे गेले व आपल्याला संधी मिळावी अशी विनंती केली. प्राचार्यांनी ऐकून घेतले आणि परवानगी दिली. त्यानंतर मैदानात काय झाले ते साऱ्या कॉलेजने पाहिले. आपल्याहून अंगापिंडाने मोठे असे गडी एकामागून एक ह्या लहान चणीच्या मुलाने चीत केले.

1948 साली लंडन येथे जागतिक ऑलिंपिक सामने भरले. तेथे जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला. खाशाबांचे वय त्या वेळी 22 वर्षांचे होते. तेथील कुस्ती त्यांस अगदी नवी. आपल्याकडे मातीत कुस्ती होते व पाठ लागली की निकाल लागतो. तेथे गादीवर कुस्ती, गुणांचा हिशेब, व नियम वेगळे. मातीत घट्ट रोवणारा पाय गादीवर निराळा टाकावा लागतो. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने त्यांस ही रीत दाखविली. तिकडे एक चांगली पद्धत आहे. मल्लांचे वजन करून समान वजनाच्या गड्यांची जोड लावतात, म्हणून लहान माणसाला न्याय मिळतो. 52 किलोच्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरविले, परंतु इराणच्या मल्लापुढे ते हरले, आणि त्यांचा क्रमांक सहावा लागला. जन्मात प्रथमच गादीवर उतरलेल्या माणसाला हे थोडे यश नव्हे. तरी ते समाधान मानून बसले नाहीत. पुढील चार वर्षे अधिक वजनाच्या गटासाठी त्यांनी अंग व विद्या दोन्ही वाढविली.

1952 साली फिनलंड देशातील हेलसिंकी येथे पुढील सामने ठरले. ह्या वेळी दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली निवडीची. निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे वाटून खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली व ती त्यांनी निर्विवाद जिंकली. दुसरी अडचण पैशाची. ती पहिलीहून कठीण होती. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी घरोघर फिरून वर्गणी जमविली. शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी आपल्या ऐपतीप्रमाणे दिले. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी आपले राहते घर बँकेत गहाण ठेवले आणि 7000 रुपये उभे केले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. शिक्षकाला मिळकत ती किती? घर म्हणजे त्याच्या सबंध आयुष्याची कमाई. ज्या मुलाला इतरांनी किरकोळ म्हणून बाजूस सारले होते, त्याच्यासाठी ह्या गृहस्थाने आपल्या कुटुंबाचे छप्पर पणास लावले. मुलगा हरून आला असता तर? पत्करलेले देणे कोणी फेडले असते? पौलाने अनेसिमाविषयी फिलेमोनास लिहिताना त्या दासाचे देणे आपल्या नावे मांडण्यास सांगितले, त्याची येथे आठवण होते. विश्वास ठेवणे म्हणजे काय हे अशा वेळी कळते. त्यास किंमत पडते.

हेलसिंकी येथे 57 किलोच्या गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांस हरविले. नंतर जपानच्या शोहाची इशिई ह्यांच्याशी त्यांची दीर्घ व दमछाक करणारी कुस्ती होऊन ते हरले. त्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती मिळण्यापूर्वीच त्यांस रशियाच्या मल्लाशी लढण्यास बोलावण्यात आले, आणि त्यांच्या बाजूने नियम दाखवून बोलावयास कोणी हिंदी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेल्या अंगाने ते उतरले व हरले. तरी तिसरा क्रमांक त्यांचाच ठरला, आणि 23 जुलै 1952 रोजी त्यांस कांस्यपदक मिळाले. सुवर्णपदक इशिई ह्यांनी पटकाविले. त्याच सामन्यांत आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, हे खरे. परंतु स्वतंत्र भारताच्या वतीने एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक आणणारे पहिले पुरुष खाशाबा जाधव हेच होत. असे दुसरे पदक मिळावयास 44 वर्षे जावी लागली. ते 1996 साली लिअँडर पेस ह्यांनी टेनिसमध्ये मिळविले.

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनावर लोकांची दाटी झाली होती. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि थोड्याच अंतरावरील गोळेश्वर गाठावयास कित्येक तास लागले. ढोल, हलगी, गुलाल ह्यांस सीमा राहिली नाही. परंतु ह्या मिरवणुकीपेक्षा पुढील गोष्ट आम्हांस थोर वाटते. हार गळ्यातून उतरताच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरविला, त्यात ते स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडून त्यांचे घर मोकळे केले. कीर्ती मिळाली म्हणजे उपकार विसरावयाचे असतात, ही जगाची रीत त्यांनी पाळली नाही.

1955 साली ते मुंबई पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. पुढे 1956 सालच्या ऑलिंपिकची आशा गुडघ्याच्या दुखापतीमुळे संपली. नोकरीत त्यांनी प्रामाणिकपणे काम केले, पोलिसांतील तरुणांस कुस्ती शिकविली. परंतु पुष्कळ वर्षे त्यांस बढती लाभली नाही. अखेरीस ते सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले, व त्यानंतरही निवृत्तिवेतनासाठी त्यांस खटपट करावी लागली. ज्या देशाने त्यांची मिरवणूक काढली तोच देश त्यांस विसरला. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर देण्यात आला. 2010 साली दिल्ली येथील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव दिले गेले, आणि 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र शासनाने राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला आहे. मान मिळाला, पण तो घ्यावयास ते राहिले नव्हते.

खाशाबा ख्रिस्ती नव्हते. तरी देव सर्व माणसांत आपली दाने पेरतो, आणि चांगले जेथे दिसेल तेथून शिकणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य होय. वाणगाव, डहाणू व तलासरी ह्या भागांतील मंडळ्यांना ह्या चरित्रातून काय घेता येईल? आमच्या पाड्यांवरील मुले बहुधा लहान चणीची असतात. डोंगर चढून, लाकडाची मोळी वाहून, चिकूच्या वाडीत आईबापांबरोबर राबून त्यांचे अंग काटक झालेले असते, पण ते डोळ्यांत भरत नाही. शाळेच्या मैदानावर, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत, मिशनच्या कामासाठी तरुण निवडताना, आमची नजर बहुधा उंच, गोऱ्या, नीट बोलणाऱ्या मुलाकडे जाते. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलाचे नाव कोणी विचारीत नाही. अशा किती मुलांना आपण दारातून परत पाठविले असेल, ह्याचा हिशेब आम्हा पाळकांना, शिक्षकांना व वडील मंडळींना एक दिवस द्यावा लागेल.

तसेच नुसती निवड करून भागत नाही. दावीद अभिषेकानंतर लागलीच सिंहासनावर बसला नाही. त्यास पुष्कळ वर्षे रानावनांत शिकावे लागले. मुलाला वस्ताद हवा, खुराक हवा, पुस्तक हवे, व हरल्यावर पुन्हा उभे करणारे माणूस हवे. मंडळीतील प्रत्येकाला घर गहाण ठेवता येणार नाही. परंतु कापणीनंतर मूठभर भात बाजूस ठेवता येईल, आठवड्याची संध्याकाळ एका मुलाच्या अभ्यासाला देता येईल, वसतिगृहाच्या दारापर्यंत त्याच्या सोबतीने जाता येईल.

आणि तरुणांनो, तुम्हांसही एक शब्द. पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला दिला, तो खेळाची निंदा करण्यासाठी नव्हे. नाशवंत मुगुटासाठी मल्ल एवढा संयम पाळतो, तर अविनाशी मुगुटासाठी आपण किती पाळावा, हे त्याने विचारावयास लाविले. कोणी तुमच्या देहाकडे पाहून नाव घेण्यास नकार दिला तर रागावू नका व खचूही नका. नम्रपणे पुन्हा मागा. आणि ज्याने तुमच्यासाठी आपले घर गहाण ठेवले असेल, मग तो तुमचा बाप असो, शिक्षक असो की मंडळी असो, त्याचे घर मोकळे करावयास विसरू नका. आपणा सर्वांसाठी ज्याने स्वतःलाच खंडणी म्हणून दिले, त्या प्रभूचे ऋण तर आपल्याला कधीच फेडता येणार नाही. त्याच्या नावाने दुसऱ्याला उभे करणे एवढेच आपल्या हाती आहे.