दृष्टी गेली, गणित थांबले नाही : लिओनार्ड ऑयलर

नैसर्गिक लॉगॅरिदम शिकताना त्याचा पाया म्हणून २.७१८२८... ही विचित्र संख्या आपल्याला भेटते. तिला 'ई' हे अक्षर देणारे थोर गणिती म्हणजे लिओनार्ड ऑयलर.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही तेच व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नूली या गणितज्ञांनी त्याची बुद्धी ओळखली. लिओनार्ड स्वतः पुस्तके वाचायचा आणि बर्नूली शनिवारी त्याच्या शंका सोडवायचे. १७२७ मध्ये, विसाव्या वर्षी, ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाले.

लॉगॅरिदमची कोष्टके स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ मध्येच प्रसिद्ध केली होती. मोठे गुणाकार सोपे करण्याचे ते साधन होते. लॉगॅरिदम म्हणजे घातांकच, ही गोष्ट ऑयलर यांनी १७४८ च्या आपल्या लॅटिन ग्रंथात स्पष्ट मांडली. त्यातलेच एक उदाहरण पाहा. एका माणसाने द.सा.द.शे. ५ चक्रवाढ व्याजाने ४,००,००० फ्लोरिन कर्ज घेतले. तो दरवर्षी २५,००० फ्लोरिन फेडतो. कर्ज किती वर्षांत फिटेल? वर्षे 'क्ष' मानली, तर शेवटी उरते ते असे : १.०५ चा 'क्ष'वा घात = ५. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की घातांकातला क्ष खाली येतो :

क्ष × ०.०४८७९ = १.६०९४४

म्हणून क्ष = सुमारे ३३ वर्षे. पहिली पायरी मात्र तुम्ही स्वतः करून पाहा!

ऑयलर यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी तिशीतच अधू झाली. १७४१ ते १७६६ ही वर्षे बर्लिनला काढून ते रशियात परतले आणि मोतीबिंदूमुळे दुसरा डोळाही गेला. १७७१ मध्ये घराला आग लागली, १७७३ मध्ये पत्नी वारली. तरीही काम थांबले नाही. ते मनातल्या मनात आकडेमोड करीत आणि मुले व सहकारी ती लिहून घेत. त्यांच्या एकूण लेखनापैकी जवळजवळ निम्मे याच अंधारातल्या वर्षांतले आहे. १८ सप्टेंबर १७८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवशीही युरेनस ग्रहाच्या कक्षेची चर्चा चालूच होती.

मित्रांनो, गणित अवघड वाटून वही मिटाविशी वाटली, तर ज्यांना वहीच दिसत नव्हती त्या ऑयलर यांना आठवा आणि पुढची पायरी लिहा.